पान उलटून पाहा

मुळशीत कोणती पालेभाजी कधी लावायची, हे महिन्यापेक्षा गावावरून ठरतं. भूगाव-भुकूमला पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस ताम्हिणीत पडतो. पौड या दोन्हींच्या मधे. त्यामुळे कोथरूडच्या गच्चीवर जुलैत मेथी आली म्हणून मुळशी धरणाच्या काठी ती येईलच असं नाही. तिथे ती उगवते, चार दिवस हिरवीगार दिसते आणि मग सततच्या ओलीने बुडाशी कुजून आडवी पडते. पावसाळ्यात या भागातल्या भरवशाच्या भाज्या माठ, अंबाडी, मायाळू आणि अळू. अळू तर जुन्या घरांत कुणी मुद्दाम लावत नसे. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे कंद पडला की काम झालं. पालक, मेथी, शेपू, चुका, चाकवत, कोथिंबीर, मोहरी यांचा खरा हंगाम खाचरातला भात निघाल्यावर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. उन्हाळ्यात पाणी असेल तर माठ आणि राजगिरा येतात. कोथिंबिरीला मात्र सावली द्यावी लागते, आणि पालक दिवस मोठा होऊ लागला की पानं सोडून फुलोऱ्यावर जायची घाई करतो.

पिरंगुटपासून पौडपर्यंत आता पुण्याहून राहायला आलेली बरीच घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगणात चार वाफे, दहा कुंड्या असतात. बी उगवण्यापर्यंत बहुतेकांचं नीट चालतं. अडतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, भाजी काढायला दोन-चार दिवस उरलेले असताना. संध्याकाळी धड दिसलेल्या पानांची सकाळी चाळण झालेली असते.

हे एका रात्रीत होत नाही. मेथी आणि माठ पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत काढायला येतात, पालकाची पहिली कापणी ३५-४० दिवसांत होते, कोथिंबीर आणि शेपू ४०-४५ दिवस घेतात. पानं खाणाऱ्या अळ्यांची एक पिढी, अंडं ते पतंग, हवेतल्या उष्णतेनुसार अडीच ते पाच आठवड्यांत पुरी होते. दोघांची आयुष्यं जवळजवळ सारखीच लांब. शिवाय अळी जन्मभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक ती शेवटच्या काही दिवसांत, कोषात जाण्याआधी खाते. भोकं दिसली त्या दिवशी ती दहा-बारा दिवसांची झालेली असते; आधीही ती तिथेच होती, पण दोऱ्याच्या तुकड्याएवढी होती आणि पानाच्या खालच्या अंगाला होती. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहणारा माणूस फवारणी न करताही बहुतेक भाजी वाचवतो. पिशवीतलं औषध आणायला भोकं पडल्यावर धावणारा बहुधा उशिरा पोचतो.

म्हणूनच वाफा करतानाच पान उलटता येईल असा करावा. पावसाळ्यात गादीवाफा हवा, वीतभर उंच, आणि हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचेल एवढाच रुंद. तीन-साडेतीन फूट पुरे. हिवाळ्यात सपाट वाफा चालतो. बी फोकण्यापेक्षा ओळीत, वीतभर अंतरावर पेरलं तर खुरपणी आणि विरळणी सोपी होते, आणि ओळीतून बोटं घालून पानांची खालची बाजू दिसते. धने पेरण्याआधी रगडून त्याच्या दोन फोडी कराव्या लागतात. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळावं. ओलं शेण घातलं तर हुमणीला आवतण. युरिया टाकून पानं लुसलुशीत करायचा मोह टाळलेला बरा, कारण नत्र जास्त झालेलं मऊ पान अळीलाही जास्त मानवतं.

आता भोकांविषयी. प्रत्येक भोक अळीचं नसतं. मुळशीच्या पावसाळ्यात निम्मा गुन्हा गोगलगायींचा असतो. त्या चालतात तिथे वाळल्यावर चकाकणारा चिकट माग राहतो. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, एका बारीक माशीची पिल्लावळ. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते, तेव्हा तेवढं पान खुडून टाकायचं. कडेपासून मोठे चावे घेतलेले दिसले तर नाकतोडा असू शकतो. अळीची सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे तिची विष्ठा. खालच्या पानांवर काळपट-हिरवे दाणे सांडलेले असतात. ते ओलसर असतील तर अळी जवळच आहे, आणि दाणा जेवढा मोठा तेवढी ती मोठी.

माठ आणि पालकावर सर्वांत जास्त सापडते ती पानं गुंडाळणारी अळी. बारीक, हिरवी, जवळजवळ पारदर्शक. ती रेशमासारख्या धाग्याने पान दुमडते किंवा दोन पानं एकमेकांना चिकटवते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. शिरांची जाळी तेवढी उरते. तिचा पतंग लहान, तपकिरी, पंखांवर पांढरे पट्टे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट उबेत तो भाजीतून चालताना पायाजवळून उडतो आणि दोन हातांवर पुन्हा बसतो. माठ, राजगिरा, पालक आणि चाकवत ही वनस्पतिशास्त्रात एकाच घराण्यातली मंडळी आहेत, त्यामुळे या अळीला एकावरून दुसऱ्यावर जायला काही अडचण पडत नाही. कुंपणाशी आपोआप उगवणारा काटेमाठही त्याच घरातला. दुमडलेलं पान दिसलं की ते चिमटीत दाबायचं, उघडून पाहायची गरज नाही.

दुसरी, आणि माझ्या मते घरच्या बागेतली खरी शत्रू, तंबाखूवरची पानं खाणारी अळी. शेतकरी तिला स्पोडोप्टेरा म्हणूनच ओळखतात. नाव तंबाखूचं असलं तरी ती माठ, पालक, अळू, कोबी, काहीही खाते. गणपती झाले, पाऊस उघडला, ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की तिचा जोर वाढतो. हिची मादी अंडी एकेक घालत नाही. पानाच्या खाली दोन-तीनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि वर स्वतःच्या अंगावरचे बदामी केस पसरते. पानाला कुणी लोकरीचा फिका तुकडा चिकटवल्यासारखा तो दिसतो. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं सुरुवातीचे काही दिवस विखुरत नाहीत. एकाच पानावर गर्दी करून खरवडत राहतात आणि ते पान पातळ, पांढुरकं, कागदासारखं होतं. हिच्याशी लढायची जागा हीच. तो पुंजका किंवा ते कागदी पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की एका चिमटीत शेकडो अळ्या संपतात. एकदा त्या पांगल्या की मग दिवसा मातीत, ढेकळाखाली, कुंडीच्या कडेला लपतात आणि रात्री वर येतात. तेव्हा बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर वेचाव्या लागतात. मुळशीत भाताच्या खाचराला लागून घर असेल तर रात्री वाफ्यात अनवाणी जाऊ नये. घोणस, फुरसं आणि विंचू हे तिथले जुने रहिवासी आहेत.

याच अळीसाठी बांधाला एरंडाची चार झाडं लावण्याची शेतकऱ्यांची युक्ती घरीही उपयोगी पडते. मादीला एरंडाचं रुंद पान आवडतं, आणि त्या पानावरचा पुंजका आपल्यालाही लांबून दिसतो. झेंडूबद्दल मात्र भाजीच्या वाफ्यात फार आशा ठेवू नये. टोमॅटोवरच्या फळं पोखरणाऱ्या अळीला आणि मुळांवरच्या सूत्रकृमींना झेंडू कामाचा, पालकाच्या अळीला त्याचं विशेष काही नाही. एरंडाच्या बिया विषारी असतात, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर बोंडं धरण्याआधी झाड कापावं.

मोहरी, मुळा, कोबी या तिखट घराण्यावर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग वेगळ्याच जातीचा. पतंग जेमतेम नखाएवढा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनांची माळ दिसते. मोहरीचा झणझणीतपणा ज्या गंधकयुक्त द्रव्यांतून येतो, ती झाडाने किडे दूर ठेवायला बनवलेली. या पतंगाच्या अळीकडे ती द्रव्यं निकामी करणारं विकर आहे, त्यामुळे तिला त्यांची बाधा होत नाही. आणि मादी तर त्याच द्रव्यांच्या खुणेवर झाड शोधून अंडी घालते. अळी पानाचा खालचा भाग खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पानाला काच बसवल्यासारख्या खिडक्या दिसतात. बोट लावलं की ती तडफडत मागे सरकते आणि धाग्याने खाली लोंबकळते. जोराच्या पावसाने ती धुऊन जाते, म्हणून तिचा काळ कोरडा, जानेवारीनंतरचा. दुपारच्या आत पाइपचं पाणी पानांच्या खालून मारलं तर घरच्या वाफ्यात तिची संख्या बरीच आटोक्यात राहते. कोबीवाले शेतकरी तिच्यासाठी कोबीच्या ओळींमध्ये मोहरीच्या ओळी पेरतात. पतंग कोबी सोडून मोहरीवर जातो, आणि कीड तिथे गोळा झाली की तिचा बंदोबस्त त्या थोड्या ओळींतच करता येतो. घरी दोन फुटांच्या कोबीच्या वाफ्याला हे परवडतं, पण मग मोहरीची भाजी मिळेल ही आशा सोडायची.

मोहरीवर आणखी एक काळपट अळी येते आणि ती अळी नसतेच. ती एका गांधीलमाशीच्या नात्यातल्या किड्याची, मोहरीवरच्या काळ्या माशीची पिल्लं. फरक पायांवरून कळतो. फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांना पुढचे तीन जोड खरे पाय आणि मागे जास्तीत जास्त पाच जोड मांसल पाय असतात. हिला मागे आठ जोड असतात. हात लावला की ती वेटोळं करून खाली पडते. हे मोजायचा खटाटोप एवढ्यासाठी की पुढे ज्या बीटीविषयी सांगणार आहे, ते पतंगांच्या अळ्यांवर चालतं, हिच्यावर चालत नाही. पाय कमी असणारीही एक आहे: उंटअळी. मधल्या पायांच्या जोड्या नसल्याने ती पाठीला कमान करत चालते.

अळूवर हिरवी किंवा तपकिरी, बोटाएवढी जाड, शेपटीवर काटा आणि अंगावर डोळ्यासारखे ठिपके असलेली अळी दिसली तर घाबरायचं कारण नाही. काटा टोचत नाही. पण एक पान ती रात्रीत फस्त करते, आणि वडीसाठी राखलेलं पान असेल तर ती उचलून लांब ठेवावी. केसाळ सुरवंट मात्र हाताने उचलू नये. त्याचे केस कातडीत रुतून चट्टे येतात. रुतलेच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून उचलायची आणि मग साबणाने धुवायचं. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढणारी अळी असते, ती फुलपाखराची. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉर्मनची अळी लिंबाच्या घराण्यातल्या झाडांवर याच वळणाने वाढते. मोठा कढीपत्ता चार अळ्या सहज सोसतो. मी तरी त्या काढत नाही.

पतंगाला अंडीच घालू न देण्याचा उपाय सगळ्यांत स्वस्त: जाळी. जुनी मच्छरदाणी वाकवलेल्या पाइपांवर ताणून वाफ्यावर घालायची. पण ती पेरणीच्या दिवशी घालायची, कडा मातीत दाबायच्या आणि पान जाळीला टेकू द्यायचं नाही, कारण टेकलेल्या पानावर मादी बाहेरूनही अंडी घालू शकते. आधी भाजी होती त्याच मातीत लगेच पेरून जाळी घातली तर मात्र उलटं होतं. मातीतल्या कोषांतून निघालेले पतंग आत कोंडले जातात, आणि पक्षी व माश्या बाहेर राहतात. अंगणातला दिवा वाफ्याच्या डोक्यावर असेल तर तोही हलवावा. आपणच पतंगांना आमंत्रण देत असतो.

बाहेर राहणारे हे मदतनीस थोडे नाहीत. शिंपी, दयाळ, बुलबुल पिल्लांना भरवायला अळ्या नेतात. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं मडकं करते, त्यात आपलं अंडं घालते आणि बेशुद्ध केलेल्या अळ्या भरते. एक इवलीशी गांधीलमाशी, ट्रायकोग्रामा, पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. तिने परजीवी केलेल्या अंड्यांची कार्डं शेतकरी वापरतात. घरी कार्ड आणण्यापेक्षा असलेल्या माश्या मारू नयेत, एवढं पुरतं. पावसाळ्यात कधी पानावर अळी ताठ, पांढऱ्या पिठात लोळवल्यासारखी मेलेली आढळते. तो बुरशीचा रोग आहे, आणि मुळशीची दमट हवा त्या बुरशीला मानवते. ती अळी फेकू नये, तिथेच राहू द्यावी. तिच्यावरचे बीजाणू पुढच्या अळ्यांना लागतात. अंगावर तांदळासारखे पांढरे कोष चिकटलेली अळीही तशीच सोडावी. ती आता खात नाही, आणि त्या कोषांतून निघणाऱ्या माश्या आपल्या बाजूच्या आहेत.

एवढं करूनही काही वर्षी फवारणी लागते. तेव्हा पहिली पसंती बीटीला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो १९०१ मध्ये मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. बीटी कापसातलं बीटी हेच. जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथे तो विरघळतो, आतड्याला भोकं पाडतो आणि अळीचं खाणं काही तासांत थांबतं. मरायला तिला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळी पाहून पुन्हा फवारायचं नसतं. माणसाचं पोट आम्लधर्मी, आणि तो स्फटिक ज्याला चिकटतो ती जागाही आपल्या आतड्यात नाही. औषध अळीच्या पोटात गेलं तरच चालतं, त्यामुळे पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, आणि अळी लहान असतानाच. उन्हात ते लवकर निकामी होतं, संध्याकाळी फवारावं. मात्रा पाकिटावर असते तेवढीच घ्यावी. दर आठवड्याला सवयीने मारत राहू नये. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने शेतात बीटीला दाद देणं सोडल्याची नोंद हवाई बेटांवरून १९९० मध्ये आली. असं करणारी ती पहिली कीड.

दुसरा उपाय निंबोळी अर्क. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा इतर झाडं ओरबाडली गेली आणि कडुनिंबं हिरवी उभी राहिली, हे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं आणि त्यावर पुढे अभ्यास उभा राहिला. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीला मारण्यापेक्षा तिची खाण्यावरची इच्छा उडवतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणून तेही लहान अळीवरच चालतं. घरगुती प्रमाण सोपं आहे: ५० ग्रॅम वाळक्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि त्याच संध्याकाळी वापरायचं. मुळशीच्या पश्चिमेकडे, पावसाच्या पट्ट्यात, कडुनिंब फारसा वाढत नाही. तो कोरड्या मुलखातला. निंबोळ्या पूर्वेकडच्या नातेवाइकांकडून मागवाव्यात किंवा तयार निमार्क घ्यावा. फवारल्यावर आठवडाभर भाजी काढू नये, नाहीतर कडवटपणा ताटात येतो. दशपर्णी अर्काला महिनाभर कुजवण आणि पिंपभर माल लागतो. चार वाफ्यांसाठी तो घाट न घातलेलाच बरा. चुलीची चाळलेली राख दवाने ओल्या पानांवर भुरभुरली तर लहान अळ्यांना काही दिवस आवरते, पण पहिल्याच सरीत वाहून जाते.

तंबाखूचा काढा मात्र अजिबात नको. निकोटिन हे माणसालाही विष आहे, आणि आठवड्यात तोंडात जाणाऱ्या पानावर ते मारण्यात शहाणपणा नाही. रासायनिक कीटकनाशकांच्या डब्यावरचा त्रिकोण विषारीपणा सांगतो: सगळ्यांत जहाल लाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं तेही छापलेलं असतं, आणि तीस दिवसांच्या माठात ते दिवस कुठून काढायचे हा प्रश्न उरतो. परसातल्या पालेभाजीवर मला त्यांची गरज दिसत नाही. चार दिवस आधी, थोडी कोवळीच भाजी काढली, तर अळीला खादाडपणाचे ते शेवटचे दिवस मिळतच नाहीत. काढलेली जुडी मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली की राहिलेल्या अळ्या सुटून बाहेर येतात.

भाजी थोडी थोडी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरली की घरात ती सतत मिळते, पण अळीलाही सतत मिळते. म्हणून नवा तुकडा जुन्याला खेटून नको आणि त्याच घराण्यातला नको. पालकाच्या वाफ्यात पुन्हा माठ किंवा चाकवत न पेरता मेथी, शेपू किंवा कोथिंबीर पेरावी. या तिघांवर अळ्यांचा त्रास त्या मानाने कमी. शेवटची कापणी झाली की बुडखे उपटून टाकायचे, माती कुदळीने वीतभर उलटायची आणि आठवडाभर उन्हात उघडी ठेवायची. उलटलेल्या मातीतले तपकिरी कोष साळुंक्या पहिल्याच सकाळी वेचून नेतात. कुंपणाचा काटेमाठ त्याच दिवशी, बी धरण्याआधी, हातमोजे घालून उपटावा.